विंडोज १० वरून सांबाचा शेअर उघडतोय, विंडोज ११ वरून नाही (उद्यमनगर, वर्कशॉप)

उद्यमनगर_लेथ

शिवाजी उद्यमनगरातलं छोटं वर्कशॉप आहे, एकूण पाच पीसी. ड्रॉइंग आणि मशीनचे प्रोग्रॅम एका उबुंटू २२.०४ च्या पीसीवर ठेवलेत, त्यावर सांबा ४.१५ (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला शेअर म्हणून देणारा प्रोग्रॅम), आयपी १९२.१६८.१.१०. चार पीसींवर विंडोज १० आहे. तिथून शेअर आजही उघडतोय, पासवर्डसुद्धा विचारत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून डिझाइनच्या टेबलावर पाचवा पीसी नवा घेतला, त्यात विंडोज ११ प्रो, २४एच२.

या नव्या पीसीवर \\१९२.१६८.१.१० टाकलं की मेसेज येतोय, मतलब असा की संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळं ओळख न पटलेल्या गेस्टला प्रवेश नाही. एरर ०x८००७०४एफ८. कधी कधी त्याऐवजी ०x८००७००३५. एक्सप्लोररच्या 'नेटवर्क'मध्ये तर सर्व्हरचं नावच दिसत नाही. पिंग व्यवस्थित जातोय. दोन्हीकडची फायरवॉल तात्पुरती बंद करून बघितली, फरक शून्य.

एसएमबी डॉट कॉन्फमध्ये (सांबाची सेटिंगची फाईल; एसएमबी ही विंडोजची फाईल शेअरिंगची भाषा) शेअरचा भाग असा:

पाथ = /होम/ऑफिस/ड्रॉइंग
रीड ओन्ली = नो
गेस्ट ओके = येस
फोर्स यूजर = ऑफिस

ग्लोबलमध्ये मॅप टू गेस्ट = बॅड यूजर. शिवाय सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१ (म्हणजे जुनं एसएमबी१ चालू), कारण एका जुन्या व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या) कंट्रोलरमागं विंडोज एक्सपी आहे आणि ती मशीन याच शेअरवरून प्रोग्रॅम उचलते. ती बंद पडून चालणार नाही.

चूक विंडोज ११ मध्ये शोधायची की सांबात? आणि ही दुरुस्ती करताना जुनी मशीन कशी सांभाळायची?

पंचगंगा_घाट

चूक दोन्हीकडं नाही. तुमच्या शेअरवर आजपर्यंत कुणाचं लॉगिन झालेलंच नाही, ते या नव्या पीसीनं उघड केलंय.

विंडोज शेअर उघडताना स्वतःच्या लॉगिनचं नाव आणि पासवर्ड आधी गुपचूप पाठवून बघतं. समजा पीसीवरचं नाव 'अ‍ॅडमिन' आहे. सांबाकडं त्या नावाचा यूजर नाही. अशा वेळी काय करायचं ते 'मॅप टू गेस्ट = बॅड यूजर' ही ओळ सांगते: नाव ओळखीचं नसेल तर नकार देऊ नको, गेस्ट म्हणून आत घे. आत आलेल्याला 'फोर्स यूजर' ऑफिसचे अधिकार देतं. म्हणजे रस्त्यावरून येऊन तुमच्या वायफायला जोडलेला कुठलाही लॅपटॉप आज सगळी ड्रॉइंग पुसू शकतो. पासवर्ड विचारत नाही ही सोय नव्हे, दाराला कडीच नाही.

विंडोज १० च्या होम आणि प्रो आवृत्त्या असं गेस्ट होणं मान्य करत होत्या. एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये ते १७०९ पासूनच बंद आहे. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये प्रोलाही तोच नियम लागला, आणि सोबत एसएमबी साइनिंग सक्तीचं झालं. साइनिंग म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सही. त्या सहीची किल्ली लॉगिनच्या वेळी पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणजे किल्ली नाही, म्हणजे सही नाही. त्यामुळं गेस्ट आणि साइनिंग एकत्र नांदूच शकत नाहीत.

खात्री करायची तर विंडोज १० वरून शेअर उघडा ठेवून सर्व्हरवर 'सुडो एसएमबीस्टेटस' चालवा. शेवटचा रकाना साइनिंगचा असतो. तिथं नुसती आडवी रेघ असेल तर ते कनेक्शन गेस्टचं आहे असं समजा. त्याच ओळीत त्याआधी प्रोटोकॉलचाही रकाना दिसतो: नव्या पीसींचा एसएमबी३_११, तुमच्या व्हीएमसीचा एनटी१.

एररच्या आकड्यांबद्दल एक कामाची गोष्ट. ०x८००७ नंतरचे चार अंक हेक्समधले असतात. ००३५ म्हणजे दशमानात ५३, ०४एफ८ म्हणजे १२७२. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट हेल्पमेसेज ५३' दिलं (मेसेज लिहिताना एमएसजी) की विंडोज स्वतःच अर्थ सांगतं. ५३ म्हणजे मशीनपर्यंत वाटच सापडली नाही. ६७ म्हणजे मशीन सापडलं पण त्या नावाचा शेअर नाही. ८६ आणि १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. आकडा बघितला की कुठल्या पायरीला अडकलंय ते कळतं, उगीच फायरवॉल बंद-चालू करत बसावं लागत नाही.

शिरोली_सीएनसी

डिझाइनचं काम खोळंबलं असेल तर आज दोन ओळींत चालू होतंय. विंडोज ११ वर पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन ही कमांड दोनदा द्या. एकदा -एनेबलइनसिक्युअरगेस्टलॉगॉन्स $ट्रू, दुसऱ्यांदा -रिक्वायरसिक्युरिटीसिग्नेचर $फॉल्स. दोन्ही लागतात. नुसता गेस्ट चालू केला तर साइनिंगवर अडतंय.

टर्मिनल_ताई

शिरोलीदादा, कमांड बरोबर आहेत, पण हे कायमचं ठेवू नका म्हणून बजावून सांगायला हवं. ही सेटिंग एका सर्व्हरपुरती नाही, त्या पीसीवरून जोडलेल्या सगळ्या शेअरना लागते. सही बंद असलेला पीसी समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे तपासूच शकत नाही. आणि सर्व्हरचं उघडं दार तसंच राहतं ते वेगळंच. मे २०१७ मध्ये सांबात जी मोठी त्रुटी सापडली (सीव्हीई-२०१७-७४९४), तिच्यात सर्व्हर ताब्यात घ्यायला लिहिता येणारा एखादा शेअर पुरेसा होता. ती तेव्हाच दुरुस्त झाली, तुमच्या ४.१५ मध्ये ती त्रुटी नाही. पण कुणालाही लिहिता येणारा शेअर का ठेवू नये याचं ते ठळक उदाहरण आहे. ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपची कमाई, ती अशी उघड्यावर नको.

खरी दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. कमांड उच्चाराप्रमाणं लिहितेय, टाईप करताना इंग्रजी स्पेलिंग घ्या.

आधी सर्व्हरवर माणसांसाठी खाती. डिझाइनच्या टेबलासाठी:

सुडो ग्रुपअ‍ॅड ड्रॉइंग
सुडो यूजरअ‍ॅड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन -जी ड्रॉइंग डिझाइन
सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए डिझाइन

यूजरअ‍ॅडमधला एम आणि जी कॅपिटल, बाकी सगळं लहान. कॅपिटल एम म्हणजे होम फोल्डर बनवू नको. नोलॉगिन म्हणजे हा यूजर शेअर वापरेल, पण सर्व्हरवर टर्मिनल उघडू शकणार नाही. बहुतेक जण तिसरी ओळ विसरतात. सांबाची पासवर्डची वही लिनक्सच्या वहीपेक्षा वेगळी असते, दोन्हीकडं नोंद हवी. 'सुडो पीडीबीएडिट -एल' (एल कॅपिटल) दिल्यावर यादीत नाव दिसलं की झालं. प्रत्येक पीसीला किंवा प्रत्येक माणसाला वेगळं खातं करा, म्हणजे फाईल कुणी तयार केली ते मालकाच्या नावावरून कळतं. सगळ्यांवर 'फोर्स यूजर' लादलं की ती माहिती हरवते.

मग शेअरचा भाग असा बदला:

पाथ = /एसआरव्ही/ड्रॉइंग
व्हॅलिड यूजर्स = @ड्रॉइंग
रीड ओन्ली = नो
गेस्ट ओके = नो
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

ग्लोबलमध्ये मॅप टू गेस्ट = नेव्हर. हे महत्त्वाचं आहे. 'बॅड यूजर' तसंच ठेवलं तर नावात एक अक्षर चुकलं तरी सांबा गेस्टच करणार, आणि विंडोज 'धोरणामुळं बंद' असाच मेसेज दाखवणार. चूक टायपिंगची आणि आपण शोधतोय ग्रुप पॉलिसी, असं होतं. 'नेव्हर' केल्यावर सरळ १३२६ येतो.

साइनिंगसाठी सांबात काहीही बदलायचं नाही. एसएमबी२ आणि त्यापुढं सही बंद करताच येत नाही. 'सर्व्हर साइनिंग = डिसेबल्ड' लिहिलेलं असलं तरी सांबा तिथं 'ऑटो' धरतो.

आता 'टेस्टपार्म -एस'. त्यात चूक दिसली नाही तरच 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी'. विंडोजकडं जाण्याआधी सर्व्हरवरच तपासा: 'एसएमबीक्लायंट //लोकलहोस्ट/ड्रॉइंग -यू डिझाइन' (यू कॅपिटल). इथं आत गेलात तर सांबा बरोबर आहे आणि उरलेली अडचण नेटवर्कची किंवा विंडोजची. इथंच अडलात तर विंडोजला हात लावू नका.

शेवटी विंडोज ११ वर:

नेट यूज * /डिलीट
नेट यूज झेड: \\१९२.१६८.१.१०\ड्रॉइंग /यूजर:१९२.१६८.१.१०\डिझाइन * /पर्सिस्टंट:येस

पहिल्या ओळीनं त्या पीसीवरची सगळी जोडलेली ड्राइव्ह सुटतात, तेव्हा उघड्या फायली आधी बंद करा. दुसरीतला सुटा तारा पासवर्ड विचारायला लावतो. यूजरच्या आधी सर्व्हरचा आयपी मुद्दाम लावलाय. नुसतं 'डिझाइन' लिहिलं तर विंडोज कधी कधी त्यापुढं स्वतःच्या पीसीचं किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याचं नाव जोडतं.

पंचगंगा_घाट

ताईंच्या उत्तरात एकच भर, ०x८००७००३५ बद्दल. पिंग जातोय याचा अर्थ तार शाबूत आहे, इतकाच. फाईल शेअरिंग टीसीपी ४४५ वर चालतं. विंडोजवर 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.१० -पोर्ट ४४५' द्या, टीसीपीटेस्टसक्सीडेड पुढं ट्रू यायला हवं. फॉल्स आलं तर सर्व्हरवर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ सांबा' करा, आणि 'सुडो एसएस -टीएलएनपी' मध्ये ४४५ वर एसएमबीडी बसलाय का ते बघा. फायरवॉल बंद करून बघितली म्हणालात, ती आता परत चालू करा.

'नेटवर्क'मध्ये नाव न दिसणं हा वेगळाच विषय आहे, त्यावरून शेअर बंद आहे असं समजू नका. ती यादी पूर्वी एसएमबी१ आणि नेटबायोसच्या जोरावर भरायची. नवं विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतं, आणि सांबा स्वतः ते बोलत नाही. उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी नावाचं पॅकेज टाका, यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ मोकळे ठेवा, थोड्या वेळात नाव दिसायला लागेल. नाही टाकलं तरी काम अडत नाही.

राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी त्याच्या मॅक पत्त्याला बांधून टाका. लाईट जाऊन आली की राउटर नवा आयपी देतो, आणि सगळ्या पीसींवर परत ५३.

उद्यमनगर_लेथ

ताई, घाट, दोघांचेही आभार. पाथ सोडून सगळं केलं. फायली ६० जीबीच्या वर आहेत, म्हणून सध्या /होम/ऑफिस/ड्रॉइंगच ठेवला. आता दोन गोष्टी अडल्यात. सर्व्हरवर एसएमबीक्लायंट पासवर्ड घेतोय, पण पुढं 'ट्री कनेक्ट फेल्ड: एनटी_स्टेटस_अ‍ॅक्सेस_डिनाइड'. डिझाइन यूजर ड्रॉइंग ग्रुपमध्ये आहे, फोल्डरचा ग्रुपही ड्रॉइंग केलाय, परवानगी २७७०. आणि विंडोज १० च्या एका पीसीवर १२१९ येतोय.

टर्मिनल_ताई

पहिलं कोडं होम फोल्डरचं आहे. 'नेमआय -एल /होम/ऑफिस/ड्रॉइंग' द्या. मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते. /होम/ऑफिसच्या ओळीत शेवटची तीन अक्षरं तिन्ही रेघा असणार. उबुंटू २१.०४ पासून नवं होम फोल्डर ७५० परवानगीनं बनतं, म्हणजे बाहेरच्याला आत पाऊलच टाकता येत नाही. ड्रॉइंगचं दार उघडं आहे, पण वाड्याचा मुख्य दरवाजा बंद. आधी चालत होतं कारण फोर्स यूजर सगळ्यांना 'ऑफिस' बनवून आत नेत होतं.

होमची परवानगी सैल करून भागेल, पण तसं करू नका, तिथं ब्राउझरचे पासवर्डसुद्धा असतात. फायली हलवाच. दोन्ही फोल्डर एकाच पार्टिशनवर असतील तर एमव्हीला ६० जीबीसाठीही क्षणभर लागतो, कारण डेटा हलत नाही, फक्त नोंद बदलते. वेगळ्या डिस्कवर न्यायचं असेल तर आरसिंक -ए, आणि मोजून खात्री झाल्यावरच जुनं पुसा.

एमव्हीनंतर एक मेख राहते. २७७० मधला २ फक्त यापुढं तयार होणाऱ्या फायलींना ग्रुप देतो. हलवलेल्या जुन्या फायलींचा ग्रुप जुनाच राहतो, आणि मग 'नव्या फायली सेव्ह होतात, जुन्या होत नाहीत' अशी तक्रार येते. म्हणून एकदा:

सुडो सीएचजीआरपी -आर ड्रॉइंग /एसआरव्ही/ड्रॉइंग
सुडो फाइंड /एसआरव्ही/ड्रॉइंग -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७० {} +
सुडो फाइंड /एसआरव्ही/ड्रॉइंग -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६० {} +

आर कॅपिटल. फोल्डर आणि फायली वेगळ्या ओळींत घेतल्यात ते मुद्दाम, सगळ्यांना सरसकट २७७० देऊ नका.

वाचणाऱ्यांत कुणी फेडोरावर असेल तर तिथं परवानग्या बरोबर असूनही हाच नकार येतो, कारण एसईलिनक्सचं लेबल. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टनं त्या फोल्डरला सांबा_शेअर_टी लावून रिस्टोअरकॉन -आर चालवायचं. एसईलिनक्स बंद करायची गरज नाही.

१२१९ चा अर्थ: एका सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. त्या पीसीनं अजून जुनं गेस्ट कनेक्शन धरून ठेवलंय. नेट यूज * /डिलीट करा, मग क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये १९२.१६८.१.१० ची जुनी नोंद असेल ती काढा. तरीही हटत नसेल तर लॉग-ऑफ होऊन परत या.

शिरोली_सीएनसी

आता व्हीएमसीचं बोलूया, कारण खरा धोका तिथं बसलाय.

एक्सपीला एसएमबी१ शिवाय दुसरं काही येत नाही. सांबानं ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१ मुळात बंद ठेवलंय. तुम्ही ते एनटी१ लिहून उघडलंय. अडचण अशी की 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' शेअरपुरतं लागत नाही, अख्ख्या सर्व्हरला लागतं. नवे पीसी आपणहून एसएमबी३ नंच बोलतील, पण खिडकी सगळ्यांना उघडी राहते. शिवाय ४.५ पासून सांबा मुळात फक्त एनटीएलएम (विंडोजची पासवर्ड तपासायची पद्धत) आवृत्ती २ चं लॉगिन घेतो, आणि एक्सपी मुळात जुनी आवृत्ती पाठवतं. आजवर गेस्ट होतं म्हणून चाललं. 'नेव्हर' केल्यावर ही मशीन आत येऊ शकणार नाही, बघून घ्या. एक्सपीच्या रजिस्ट्रीत एलएमकॉम्पॅटिबिलिटीलेव्हल ३ करून एनटीएलएम २ पाठवता येतं, पण मशीनवाल्यांनी बसवून दिलेल्या कंट्रोलरच्या रजिस्ट्रीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत.

म्हणून मशीन आणि ऑफिस यांच्यामध्ये एक छोटा पीसी ठेवा. जुना डेस्कटॉप चालतोय, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकसुद्धा चालतोय. पुढं या मधल्या पीसीला नुसतं 'पाय' म्हणतो. त्याला दोन लॅन पोर्ट लागतात, दुसरं यूएसबीचं घ्या. पहिलं पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कमध्ये. दुसऱ्या पोर्टवरून सरळ केबल व्हीएमसीला, तिथं वेगळी रेंज: पाय १९२.१६८.५०.१, मशीन १९२.१६८.५०.२. मशीनच्या सेटिंगमध्ये गेटवे रिकामा सोडा. पायवर आयपी फॉरवर्डिंग बंदच ठेवा, म्हणजे मशीनला ऑफिस दिसत नाही, इंटरनेट दिसत नाही, आणि ऑफिसला मशीन दिसत नाही.

पायवरच्या सांबात ग्लोबल असं:

सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१
एनटीएलएम ऑथ = एनटीएलएमव्ही१-परमिटेड
इंटरफेसेस = १९२.१६८.५०.१/२४
बाइंड इंटरफेसेस ओन्ली = येस
होस्ट्स अलाउ = १९२.१६८.५०.२

शेअर एकच, रीड ओन्ली = येस, पाथ /एसआरव्ही/प्रोग्रॅम. मशीनसाठी पायवर एक सांबा यूजर करा.

मुख्य सर्व्हरवरून प्रोग्रॅम पायवर कसे आणायचे? मुख्य शेअर पायवर माउंट करून तोच पुढं एक्सपीला द्यायचा, असंही जमतं. पण माझ्या मते दर दोन मिनिटांनी क्रॉनमधून आरसिंकनं प्रत आणणं बरं. मुख्य सर्व्हर बंद असला तरी पायवर शेवटची प्रत असते आणि मशीन थांबत नाही. प्रोग्रॅम काही केबींचे असतात, दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. आरसिंकला --डिलीट लावलंत तर आधी मुख्य शेअर खरंच माउंट आहे का ते माउंटपॉइंट कमांडनं तपासा. नाहीतर रिकाम्या फोल्डरची प्रत होऊन पायवरचे सगळे प्रोग्रॅम साफ होतील.

हे बसलं की मुख्य सर्व्हरवरची एनटी१ ची ओळ काढून टाका. कंट्रोलरला एफटीपीची सोय असेल तर पायवर सांबाऐवजी एफटीपी ठेवा, त्याच वेगळ्या केबलवर. पण नुसत्या 'चालतंय' वर एसएमबी१ ऑफिसच्या नेटवर्कात ठेवू नका. मे २०१७ मधलं वॉनाक्राय विंडोजमधल्या याच एसएमबी१ च्या त्रुटीतून एका पीसीवरून दुसऱ्यावर पसरलं होतं.

शाहूपुरी_हिशेब

इथंच विचारतो, दिशा उलटी आहे. लिनक्स मिंटवरून विंडोज ११ च्या पीसीवरचा शेअर जोडायचाय. आधी 'बॅड ऑप्शन' म्हणून हेल्पर प्रोग्रॅम मागत होता. सीआयएफएस-यूटिल्स टाकल्यावर आता माउंट एरर (१३). पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, रोज तोच पिन टाकून पीसी उघडतो.

पंचगंगा_घाट

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. पिन फक्त त्या पीसीसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून नाही. तिथं खात्याचा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचा पासवर्ड लागणार, आणि त्यात पुढं गुंता होतो. त्यापेक्षा विंडोजवर 'शेअर' नावाचं वेगळं स्थानिक खातं करा आणि त्याला पासवर्ड द्याच. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग फोल्डरच्या शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही टॅबमध्ये त्या खात्याला परवानगी द्या. दोन्हीकडं तपासणी होते आणि जी कडक असेल ती चालते. नेटवर्क प्रोफाइल पब्लिकवर असेल तर प्रायव्हेट करा.

मिंटवर एफएसटॅबमध्ये एका ओळीत:

//१९२.१६८.१.२०/हिशेब /एमएनटी/हिशेब सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/ईटीसी/सांबा/हिशेब.क्रेड,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,_नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट ० ०

क्रेड फाईलमध्ये दोन ओळी, यूजरनेम= आणि पासवर्ड=, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता. तिला सीएचमॉड ६००. पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल तर तो थेट माउंटच्या ओळीत चालत नाही, या फाईलमध्ये चालतो. यूआयडी दिला नाही तर सगळ्या फायली रूटच्या मालकीच्या दिसतात आणि लिहिता येत नाही. नोफेल आणि ऑटोमाउंट यासाठी की विंडोजचा पीसी बंद असताना मिंट चालू होताना अडून बसू नये.

माउंटचे आकडेही लक्षात ठेवा. १३ म्हणजे ओळख किंवा परवानगी. २ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ११३ आणि ११५ दिसले तर वाट किंवा पोर्ट बंद. ११२ वर 'होस्ट इज डाउन' लिहून येतं, पण पीसी चालू असूनही येतं. ते बहुधा एसएमबीच्या आवृत्त्या जुळत नसल्याचं लक्षण असतं, आणि ओळीत कुणीतरी व्हर्स=१.० लिहून ठेवलेलं सापडतं. ते काढा. नेमकं कारण 'सुडो डीमेसेज' च्या (इथंही मेसेजचं एमएसजी) शेवटच्या ओळींत मिळतं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा दोन पीसींवरून एकदम उघडणार असाल तर तो शेअरवरून नुसता फाईल म्हणून उघडू नका, त्या सॉफ्टवेअरची स्वतःची मल्टियूजर सोय वापरा. आणि तसा डेटा कधी सांबावर ठेवलाच तर त्या एका शेअरमध्ये ऑपलॉक्स = नो लिहा. ड्रॉइंगच्या शेअरमध्ये लिहू नका, तिथं उगीच वेग जाईल.

उद्यमनगर_लेथ

विंडोज ११ उघडला, एसएमबीस्टेटसमध्ये साइनिंगच्या रकान्यात आता एईएस दिसतंय. उरलेले चारही पीसी यूजरनं जोडले. पायचं सामान सांगितलंय, तोवर एनटी१ ची ओळ राहणार आणि व्हीएमसीला प्रोग्रॅम पेनड्राइव्हनं देतोय.

हलवताना दोन गोष्टी लक्षात आल्या. काही मराठी नावांच्या फायली विंडोजवरून कॉपी होत नाहीत, नाव लांब आहे म्हणतंय, पण विंडोजवर तीच नावं चालतात. आणि एका फोल्डरमध्ये 'दुसऱ्या सेटिंगचे' नावाच्या दोन फायली आहेत, अक्षर न् अक्षर सारख्या. हे कसं शक्य आहे? शिवाय नव्या पीसीवर कॉपीचा वेग ११ एमबीच्या वर जात नाही.

टर्मिनल_ताई

नावाची मर्यादा दोघांची वेगळी आहे. विंडोज २५५ अक्षरं मोजतं, लिनक्सचं ईएक्सटी४ २५५ बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. नुसतं 'कोल्हापूर' ९ चिन्हांचं, २७ बाइटचं होतं. पार्टीचं नाव, जॉबचं वर्णन, तारीख असं सगळं मराठीत एकाच नावात भरलं की ८५ सहज ओलांडतं. नाव आखूड करा, वर्णन फोल्डरच्या नावात न्या. सेटिंग बदलून ही मर्यादा वाढत नाही.

जुळ्या फायलींचं मूळ 'ऱ्या' मध्ये आहे. हे अक्षर दोन रीतींनी टाईप होतं. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही एकच, पण बाइट वेगळे, म्हणून सिस्टिमच्या लेखी ती दोन वेगळी नावं. 'एलएस | हेक्सडंप -सी' (सी कॅपिटल) केलं की फरक दिसतो. आतला मजकूर तपासून जुनी फाईल बाजूला काढा, आणि सगळ्या पीसींवर मराठी कीबोर्ड एकच ठेवा. शोधताना फाईल 'आहे पण सापडत नाही' याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं.

लिनक्सवर बसून नाव देताना वेळ लिहू नका. १२:३० मधला विसर्गासारखा कोलन विंडोजला चालत नाही, मग तिथं सांबा त्या फाईलचं नागमोडी रेघेच्या ~ खुणेचं भलतंच आखूड नाव दाखवतो. प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ यांचंही तेच.

शिरोली_सीएनसी

११ एमबी म्हणजे लिंक १०० एमबीपीएसवर जुळलीय, सांबाचा संबंध नाही. गिगाबिटवर ११० च्या आसपास मिळायला हवेत. त्या पीसीच्या अ‍ॅडॉप्टरची स्पीड बघा, सर्व्हरवर 'सुडो ईथटूल' आणि कार्डचं नाव. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळं उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली की नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतंय. आधी दुसरी केबल लावून बघा, मग दोन्ही टोकांचे कनेक्टर नव्यानं क्रिम्प करा. आणि ती केबल वेल्डिंग मशीन किंवा ड्राइव्हच्या पॉवर केबलच्या पट्टीतून नेलेली असेल तर वेगळी काढा.

उद्यमनगर_लेथ

केबल बदलली, १०८ एमबी. स्विचकडच्या कनेक्टरमध्ये तपकिरी जोडी सैल होती.